खालची पानं आधी का पिवळी पडतात?

फेब्रुवारी सरत आला, समुद्रकाठच्या उत्तनच्या वाडीत वांग्याची खालची पानं पिवळी पडू लागली, की निदान ठरलेलं असतं: पाणी कमी पडलं, नाहीतर युरिया हवा. बऱ्याचदा दोन्ही चूक असतं.

‘जितकं ऊन जास्त, तितकं पानात अन्न जास्त’ हा समज या निदानाच्या मुळाशी आहे. भात, वाल, वांगी यांच्या एकेका पानाला लख्ख उन्हाच्या निम्म्याहून कमी प्रकाश पुरतो. त्यापुढे वाढते ती नुसती उष्णता. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर पन्नाशीच्या आसपासचं तापमानही सोसतं, पण त्याला कामाला लावणारं मदतनीस प्रथिन पस्तिशी ओलांडली की ढेपाळू लागतं. यंत्र शाबूत, पण चालवणारा गळालेला. मका आणि उसाची रचना वेगळी असल्याने ती पिकं अधिक तग धरतात.

आता खालच्या पानांचं. कोवळं पान उन्हाने बिघडलेली प्रथिनं पुन्हा घडवतं आणि सावरतं. जून पानात ही दुरुस्ती मंदावलेली असते. त्यात उष्णता म्हातारपण लवकर आणते: हरितद्रव्य मोडतं, रुबिस्कोचं विघटन होतं आणि त्यातलं नत्र कोवळ्या पानांकडे, दाण्याकडे वळवलं जातं. पान हातात घेऊन बघा. कडा आणि शिरांमधला भाग आधी पिवळा पडतो, शिरांलगतची हिरवाई शेवटपर्यंत टिकते, कारण माल त्याच वाटेने बाहेर जायचा असतो. नत्र कमी पडलं तरी आधी खालचीच पानं पिवळी होतात, म्हणून फसगत होते. पण तेव्हा शेंडाही फिका दिसतो आणि वाढ खुंटते. शेंडा हिरवागार असेल तर युरियाचं पोतं उघडण्याची घाई नको.

उत्तर भारतातल्या गव्हाच्या शेतांचं नऊ वर्षांचं उपग्रह-निरीक्षण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. ३४ अंशांवरच्या दिवसांनी गहू लवकर पिवळा पडतो, हे त्यात स्पष्ट दिसलं. दाणा भरायचे दिवसच कमी झाले, तर भरणार काय?

‘समुद्रकाठी पिकाला उष्णता बाधत नाही’ हाही गैरसमजच. पान पाणी बाहेर टाकून थंड राहतं, पण दमट हवेत ते पाणी सावकाश उडतं आणि भर उन्हात पान हवेपेक्षाही तापू शकतं. उलट, मार्चमध्ये कधी पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात, खारे वारे दुपारपर्यंत लांबतात. अशा दिवशी पर्णरंध्रं मिटतात आणि कार्बन डायऑक्साइडची वाटही बंद होते. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंशांची नोंद झाली होती. हवामान खातं किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, मैदानात ४० पासून.

रात्रही निरुपद्रवी नसते. उकाड्यात पानाचा श्वसनवेग वाढतो आणि दिवसा साठवलेली साखर त्यातच खर्ची पडते.

पिवळं पडलेलं पान पाण्याने सहसा परत हिरवं होत नाही, आणि मुळांना पोसतात ती मुख्यतः खालचीच पानं. म्हणून भात कापला की ओल असतानाच वाल पेरा, म्हणजे शेंगा मार्चच्या तडाख्याआधी भरतील. वांग्याच्या बुडाशी फेब्रुवारीतच पेंढा अंथरा आणि पाणी सकाळी लवकर द्या.