खेकड्यावर खापर

हिवाळ्यातल्या रविवारी दौंड तालुक्यातल्या वरवंडच्या व्हिक्टोरिया तलावावर आणि यवतजवळच्या माटोबा तलावावर पुण्याच्या गाड्या लागतात. रोहित पक्षी आले का, पट्टकादंब दिसतात का, याची चौकशी होते. आपण ज्या मातीच्या भरावावर उभे आहोत, त्याकडे मात्र कोणी पाहत नाही. माटोबा तलाव १८७६ ते ७८च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम देण्यासाठी बांधायला घेतला. दौंडच्या आकाशातून पडणाऱ्या पावसावर हे तलाव भरत नाहीत. खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचे आवर्तन सुटले की ते भरतात. भीमेपलीकडच्या शिरूर तालुक्यात घोड नदीवर चिंचणीचे मोठे मातीचे धरण आहे, शिवाय १९७२च्या दुष्काळापासून रोजगार हमीवर झालेले पाझर तलाव. आता काहींच्या काठाला हुरडा पार्ट्याही रंगतात.

माती पाणी अडवते कशी? पोटात काळ्या मातीचा गाभा. इंजिनिअर त्याला हार्टिंग म्हणतात. काळी माती पाणी सहजासहजी पुढे सोडत नाही, पण तिला दोन खोडी आहेत: भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून तिच्यावर मुरमाचे केसिंग आणि पाण्याच्या बाजूने दगडी पिचिंग. एवढे करूनही थोडे पाणी झिरपतेच आणि त्याने घाबरण्याचे कारण नाही. पाणी कोणत्या रंगाचे आहे, ते पाहायचे. नितळ पाणी एकट्याने बाहेर येते. गढूळ पाणी भरावाची माती सोबत घेऊन येते. आतून माती निघू लागली की पोकळी होते, पोकळीतून पाणी जास्त वेगाने धावते आणि आणखी माती नेते. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले टीटन धरण ५ जून १९७६ रोजी असेच गेले. सकाळी गढूळ गळती दिसली, दुपारी बाराच्या सुमारास धरण फुटले.

पाझर तलावात हे ओळखणे अधिक अवघड. तिथे पाणी जमिनीत मुरावे, खालच्या विहिरींना लागावे, हाच तर उद्देश. म्हणून पायाचा खंदक मुद्दाम खोलवर नेत नाहीत. खालचे शेत ओले राहिले तर शेतकऱ्याला आनंदच होतो. पण ओल तळाखालून येते आहे की भरावाच्या पोटातून, हा फरक पाहायला माणूस लागतो. उतारावर मध्येच हिरवागार पट्टा, वर्षागणिक वाढणारा ओलावा, माथ्यावर खचलेला भाग, पाण्याच्या बाजूने घसरलेले दगड, या सगळ्या खुणा डोळ्यांना दिसतात. वेडी बाभूळही त्यातलीच. झाड जिवंत असताना मुळे आत शिरतात. ते वाळले की मुळे कुजतात आणि भरावात आयती नळी तयार होते.

मग खेकडा येतो. २७ सप्टेंबर २०१८ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला, म्हणजे दौंडच्या तलावांना पाणी देणारा तोच कालवा. तेव्हा उंदीर, घुशी, खेकड्यांकडे बोट दाखवले गेले. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हाही मंत्रिमहोदयांना खेकडेच सापडले. तिवऱ्याचे गावकरी मात्र आधीपासून गळतीच्या तक्रारी करत होते. खेकडे भराव पोखरतात हे खोटे नाही. पण ते एका रात्रीत पोखरत नाहीत, आणि त्यांची बिळे बुजवणे हे देखभालीचेच काम आहे. बिळे वर्षानुवर्षे राहिली, तर दोष कोणाचा, हे सांगायला चौकशी समिती लागू नये.

करमणुकीचा तलाव आणि निष्काळजी यांची गाठ पडली की काय होते, याचा धडा १८८९चा आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात धनिकांच्या एका क्लबने साउथ फोर्कचे जुने मातीचे धरण मासेमारी आणि नौकाविहारासाठी घेतले. पाणी सोडण्याचे नळ आधीच काढले गेले होते, ते पुन्हा बसवलेच नाहीत. बग्ग्या जाव्यात म्हणून माथा उतरवला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. ३१ मे रोजी मुसळधार पावसात जाळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेले आणि जॉन्सटाउन शहरासह खालच्या खोऱ्यात २,२०९ माणसे मेली. मातीच्या धरणावरून पाणी गेले की ते टिकत नाही. म्हणून सांडवा हा त्याचा प्राण. आपल्याकडे तिथेच मासेमारीची जाळी लागतात, जास्त पाणी साठावे म्हणून वाळूची पोती रचली जातात, क्वचित अतिक्रमणही होते. पोती रचणाऱ्याला आपण गावाचे भले करतो आहोत असेच वाटते!

पानशेत १२ जुलै १९६१ला फुटले. मोठ्या धरणांकडे तेव्हापासून लक्ष तरी असते. २०२१च्या धरण सुरक्षा कायद्यात पंधरा मीटरहून उंच धरणे येतात. दहा ते पंधरा मीटरमधली काही अटींवर येतात. त्याहून लहान तलाव कायद्याबाहेर राहतात. शंभर हेक्टरांपर्यंतची कामे जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे, त्यावरची जलसंधारण आणि जलसंपदा खात्यांकडे. आपला तलाव नेमका कोणाचा, हे अनेकदा गावालाच ठाऊक नसते. खाली वस्ती असेल तर आठ मीटरचा भरावही जीव घ्यायला पुरतो, हे कायदा करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे होते.

कायद्यातल्या धरणांना पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणी सक्तीची आहे. शिरूर-दौंडच्या ग्रामसभांनी हीच मागणी आपल्या तलावांसाठी ठराव करून लावून धरावी. तलाव कोणत्या खात्याचा, शेवटची पाहणी कोणत्या तारखेला झाली आणि कोणत्या अधिकाऱ्याने केली, हे भरावावरच्या पाटीवर लिहून घ्यावे. आणि पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी एकदा खालच्या बाजूनेही चक्कर मारावी. गढूळ गळती दिसली तर फोटो समूहांवर टाकण्याआधी ग्रामपंचायतीला आणि १०७७ या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन करावा.