यकृत कडक झाले का? सुई न टोचता कळते!

सोनोग्राफी म्हटले की आपल्याला बाळंतपण किंवा मुतखडा एवढेच आठवते. पण त्याच ध्वनिलहरींनी पोटातला अवयव मऊ आहे की कडक झाला, हेही मोजता येते. या तपासणीला इलास्टोग्राफी म्हणतात. अमेरिकेतील ह्यूस्टनचे शास्त्रज्ञ जोनाथन ओफिर व सहकाऱ्यांनी १९९१ साली ही पद्धत मांडली.

सैल दोराला झटका दिला तर तो हळू सरकतो; ताणलेल्या दोरात लगेच पलीकडे पोहोचतो. यकृताचेही तसेच. यंत्र बरगड्यांच्या फटीतून हलका ठोका देते. त्याची लहर जितकी वेगाने धावेल, तितके यकृत कडक. आकडा किलोपास्कलमध्ये येतो. निरोगी यकृताचा साधारण ५ च्या आसपास असतो. पूर्वी यासाठी यकृतात सुई घालून तुकडा काढावा लागे. आता अनेक रुग्णांची त्यातून सुटका झाली आहे.

गोंदिया जिल्ह्यात याचे महत्त्व मोठे आहे. विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी घरांत सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या यकृतात लोह साठते व ते हळूहळू कडक होऊ शकते. सिकलसेलच्या मुलाचे डोळे बरेचदा पिवळसरच असतात. म्हणून घरच्यांना वेगळे काही वाटत नाही. मग कुणी काविळीची माळ घालते, कुणी झाडफूक करते आणि मोलाचे महिने वाया जातात. कावीळ ‘ब’ व ‘क’, दारू आणि मधुमेह यांनीही यकृत असेच कडक होते, तेही न दुखता.

तपासणीआधी किमान तीन तास काही खाऊ नये. सिकलसेलच्या वेदनेचा झटका चालू असताना आकडा उगाच वाढलेला येऊ शकतो. झटका ओसरल्यावर तपासावे. यंत्र लोह मोजत नाही, त्यासाठी रक्ताची व इतर तपासणी लागते. केवळ आकड्यावरून घाबरू नये. अर्थ डॉक्टरांनीच लावावा.

ही सोय प्रत्येक गावी नाही, नागपूरसारख्या शहरात जावे लागू शकते. पण सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासून होते. कावीळ ‘ब’ आणि ‘क’ साठी २८ जुलै २०१८ पासून सरकारचा मोफत तपासणी-उपचाराचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. मायबहिणींनो, रक्त चढवायला लेकराला नेाल तेव्हा डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: “याचे यकृत कसे आहे?” विचारणे हा आपला हक्क आहे.