बंडखोरीपुढे तोफखाना : नाणूस ते काश्मीर

पाळीहून साखळी, होंडा करत आपण वाळपईला जातो, पण जवळच्या नाणूस किल्ल्याकडे क्वचितच वळतो. २६ जानेवारी १८५२ रोजी दिपाजी राणे यांनी हा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज सरकारशी सुमारे साडेतीन वर्षे झुंज दिली. सरकारकडे तोफा होत्या, कवायती पलटणी होत्या; राण्यांकडे सत्तरीचे रान होते. शेवटी १८५५ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली.

तोफेला ठरलेले लक्ष्य लागते. तट, बुरूज किंवा एका जागी जमलेली फौज असेल तर तिच्यासारखे हत्यार नाही. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडात इंग्रजांनी पन्हाळ्याचा तट तोफांनी फोडला आणि १ डिसेंबरला गड घेतला. पुढच्याच महिन्यात सावंतवाडीकडचा मनोहरगडही पडला. मात्र तिथले बंडवाले निसटून आपल्या गोव्याच्या हद्दीत आले. गड हाती लागला, माणसे नाहीत.

आजच्या तोफांचा पल्ला वाढला, तरी ही अडचण तशीच आहे. भारतीय १०५ मिमी फील्ड गनचा पल्ला सुमारे १७ किलोमीटर आहे. म्हणजे पाळीत उभी केली तर गोळा वाळपईत पडेल. पण वाळपईच्या बाजारात शंभर माणसांत एक बंडखोर असेल, तर तो गोळा काय कामाचा? आम्ही बँकेत जन्मभर जमा-खर्च पाहिला. बंडखोर एक मेला आणि शेजाऱ्याचे घर पडले, तर त्या घरातली दोन मुले रानात जातात. हा व्यवहार तोट्याचाच.

कारगिलची गोष्ट वेगळी. १९९९ मध्ये शत्रू शिखरांवर मोर्चे बांधून बसला होता, म्हणून तोलोलिंग आणि टायगर हिलवर तोफांनी पायदळाची वाट मोकळी केली. त्याच काळात काश्मीर खोऱ्यातल्या गावांत लष्कराने अतिरेक्यांवर तोफा डागल्या नाहीत. वस्तीवर मोठा मारा केल्याचे उदाहरण मिझोरमचे : मार्च १९६६ मध्ये ऐजॉलवर विमानांतून हल्ला झाला. बंड त्यानंतर वीस वर्षे चालले आणि १९८६ च्या कराराने मिटले.

मग अशा मोहिमेत तोफखान्याचे जवान काय करतात? बहुतेक वेळा तोफ मागे ठेवून रायफल घेतात. १९९० मध्ये उभारलेल्या राष्ट्रीय रायफल्समध्ये पायदळाबरोबर तोफखान्यासह इतर दलांचेही जवान असतात. नाशिकजवळच्या देवळालीत तोफ शिकलेला जवान तिथे रात्रीची गस्त घालतो, नाकाबंदी करतो, घरमालकाला सोबत घेऊन झडती घेतो. दुर्बिणीतून दूरवर पाहून अंतर अचूक सांगण्याची त्याची सवय मात्र टेहळणीत उपयोगी पडते. सीमेपलीकडून गोळीबार सुरू झाला, तर तोफांना उत्तर द्यावे लागते ते वेगळेच.