नको असलेला संपर्क आणि कायद्याचे संरक्षण

बुलढाणा ही ताराबाई शिंदे यांची भूमी. १८८१ साली सुरतेच्या एका तरुण विधवेच्या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली. तेव्हा बुलढाण्याच्या या लेखिकेने १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध प्रसिद्ध करून त्या टीकेचा खरपूस समाचार घेतला. स्त्रीची नालस्ती करण्याचे साधन त्या काळी छापील शब्द हे होते. आज ते साधन प्रत्येकाच्या खिशात आले आहे. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या समाजमाध्यमांमुळे दूर गेलेली माणसे जवळ आली हे खरे. पण ज्या माणसापासून दूर जाण्यासाठी एखाद्या स्त्रीने घर सोडले, तो माणूसही याच वाटेने रात्री-अपरात्री तिच्या उशाशी येऊन उभा राहू लागला.

एक उदाहरण कल्पू या. मेहकर तालुक्यातील एक स्त्री पतीच्या मारहाणीला कंटाळून पुण्याहून माहेरी परतली आहे. पती पुण्यातच आहे. तो गावात येत नाही, दारात उभा राहून शिवीगाळ करीत नाही. परंतु दिवसाला वीस-पंचवीस संदेश पाठवितो. तिने त्याचा क्रमांक बंद केला की दुसऱ्या क्रमांकावरून सुरुवात होते. नातेवाइकांच्या गटावर तिच्याविषयी मजकूर टाकला जातो. तिच्या नावाने खोटे खाते उघडले जाते. घरची मंडळी म्हणतात, "नुसते संदेशच आहेत ना? दुर्लक्ष कर." पोलीस ठाण्याची पायरी चढावी असे या तक्रारीत काही आहे का, असा प्रश्न तिलाही पडतो. कायद्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे : होय, आहे.

संरक्षण आदेश म्हणजे काय?

'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. मारहाण एवढाच हिंसाचाराचा अर्थ या कायद्याने मानलेला नाही. लैंगिक, शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाचाही त्यात समावेश आहे. या कायद्याच्या १८ व्या कलमानुसार न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देऊ शकतात. सामान्य बोलीत आपण त्यास मनाई आदेश म्हणतो.

या कलमातील एक तरतूद विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. पीडित स्त्रीशी कोणत्याही प्रकारे संपर्क साधण्यास न्यायालय मनाई करू शकते, आणि त्या संपर्कात प्रत्यक्ष, तोंडी, लेखी, इलेक्ट्रॉनिक व दूरध्वनीवरील असे सर्व प्रकार कायद्यानेच गणले आहेत. हा कायदा झाला तेव्हा व्हॉट्सॲपचा जन्मही झाला नव्हता. तरीही शब्दयोजना व्यापक असल्यामुळे उद्या निघणारे नवे माध्यमही तिच्या कक्षेत येईल. ज्याला उंबरठा ओलांडण्यास मनाई आहे, त्याला संदेश पाठविण्यासही मनाई करता येते. याशिवाय स्त्रीच्या कामाच्या ठिकाणी जाणे आणि तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांना त्रास देणे यांवरही बंदी घालता येते.

पत्नी, बहीण, आई, मुलगी, तसेच विवाहसदृश संबंधात राहिलेली स्त्री यांना हा कायदा लागू होतो. अर्ज करताना ती त्याच घरात राहत असलीच पाहिजे, असे नाही. घटस्फोटापूर्वी घडलेल्या हिंसाचाराबद्दल घटस्फोटानंतरही दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले. २०१६ साली त्याच न्यायालयाने कायद्यातील 'प्रौढ पुरुष' ही मर्यादा रद्द ठरविली. त्यामुळे छळ करणाऱ्या घरातील स्त्रीविरुद्धही अर्ज करता येतो.

अर्ज कोठे व कसा करावा?

पती पुण्यात म्हणून पुण्याच्या न्यायालयात खेटे घालण्याची आवश्यकता नाही. २७ व्या कलमानुसार पीडित स्त्री जेथे कायम अथवा तात्पुरती राहते, तेथील न्यायालयाला हा अर्ज चालविण्याचा अधिकार आहे. आपल्या उदाहरणातील स्त्रीला माहेरच्या भागातील प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येईल, आणि तेथे मिळालेला आदेश पुण्यातच काय, साऱ्या भारतात लागू राहील.

अर्ज तिला स्वतः करता येतो. संरक्षण अधिकारी किंवा तिच्या वतीने दुसरी व्यक्तीही तो करू शकते. घटनेचा अहवाल तयार करणे, कायदेविषयक साहाय्य मिळवून देणे, ही संरक्षण अधिकाऱ्याची कर्तव्ये आहेत. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून मागे हटण्याचेही कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये प्रत्येक स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्यास पात्र आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अथवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी. महिलांसाठीची १८१ ही मदतवाहिनीही उपलब्ध आहे.

पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, अशी या कायद्याची अपेक्षा आहे. तोपर्यंत थांबणे धोक्याचे असेल, तर २३ व्या कलमाखाली अंतरिम आणि प्रसंगी एकतर्फी आदेशही देता येतो. आदेशाची प्रत पक्षकारांना व संबंधित पोलीस ठाण्याला विनामूल्य दिली जाते.

आदेशात नेमके काय मागावे?

अनेक अर्जांत 'विरुद्ध पक्षाला त्रास देण्यास मनाई करावी' एवढेच मोघम लिहिलेले असते. अशा आदेशाचा भंग झाला की नाही, यावर पुढे वाद माजतो. म्हणून अर्जात पुढील बाबी स्पष्टपणे मांडणे हितावह असते : कोणत्याही क्रमांकावरून अथवा खात्यावरून संदेश वा दूरध्वनी करू नये, मित्र, नातेवाईक किंवा मुले यांच्यामार्फत निरोप धाडू नये, तिच्याविषयी मजकूर वा छायाचित्रे प्रसिद्ध करू नयेत, तिच्या नावाने खाते उघडू नये. ज्ञात असलेले क्रमांक व खात्यांची नावे अर्जात नमूद करावीत.

मुलांच्या भेटीसंबंधी अथवा पोटगीसंबंधी काही बोलणे अपरिहार्य असेल, तर ते वकिलांमार्फत व्हावे, अशी व्यवस्थाही न्यायालयाकडे मागता येते. ही वाट ठरलेली नसली की 'मुलाची चौकशी' या निमित्ताने जुना छळ पुन्हा सुरू होण्याचा संभव असतो.

नात्याबाहेरील पाठलाग

त्रास देणारा पती वा नातेवाईक नसून गावातील तरुण, पूर्वीचा सहाध्यायी किंवा अगदी अनोळखी इसम असेल, तर वरील कायदा लागू होत नाही. तेथे फौजदारी कायद्याचा आधार घ्यावा लागतो. हा आधार पूर्वी तोकडा होता. मुंबईत २००९ साली विवाहास नकार देणाऱ्या एका तरुणीला निनावी ई-मेलद्वारे अश्लील मजकूर पाठविण्यात आला. त्या वेळी पाठलागासाठी स्वतंत्र कलमच नसल्याने दंड संहितेच्या ५०९ व्या कलमाचा आश्रय घ्यावा लागला, आणि आरोपी दोषी ठरण्यास २०१५ साल उजाडले.

दरम्यान न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली दंड संहितेत पाठलागाचे ३५४-ड हे कलम समाविष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाने घेतली आहे. स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दर्शविल्यानंतरही तिच्याशी वारंवार संपर्क साधणे किंवा साधण्याचा प्रयत्न करणे, तसेच तिच्या इंटरनेट वा ई-मेलच्या वापरावर पाळत ठेवणे, हा या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरच्या दोषसिद्धीस पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. बालकांच्या बाबतीत २०१२ चा 'पोक्सो' कायदा लागू होतो. खोट्या नावाने वावरणे किंवा खासगी छायाचित्रे पसरविणे यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात वेगळ्या शिक्षा आहेत.

या कलमातील 'स्पष्टपणे अनिच्छा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. संकोचापोटी पुष्कळ मुली उत्तरच देत नाहीत, किंवा 'नंतर बोलू' असे म्हणून वेळ मारून नेतात. त्याऐवजी "माझ्याशी यापुढे कोणत्याही प्रकारे संपर्क साधू नये" असे एकच वाक्य एकदाच लेखी कळवावे आणि त्यानंतर काहीही बोलू नये. हे एक वाक्य पुढे न्यायालयात मोलाचे ठरते.

पुरुषाला असा उपद्रव झाल्यास ७८ वे कलम लागू होत नाही. मात्र धमकीबद्दलची तक्रार आणि दिवाणी न्यायालयाकडून मनाई हुकूम हे मार्ग त्यालाही मोकळे आहेत. शांतताभंगाची शक्यता असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १२६ व्या कलमाखाली कार्यकारी दंडाधिकारी एक वर्षापर्यंतचे बंधपत्र मागू शकतात.

पुरावा जपावा कसा?

संतापाच्या भरात संदेश पुसून टाकणे ही सर्वांत मोठी चूक होय. या संदर्भात आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील एक प्रकरण देशभर मार्गदर्शक ठरले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर यांची निवड झाली. तिला कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रफिती हा त्यातील कळीचा पुरावा होता. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत सादर करताना कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर करून सिद्ध केल्यास त्याची गरज नाही. आता ही प्रमाणपत्राची तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या ६३ व्या कलमात आहे.

निवडणुकीचा हा निकाल सामान्य स्त्रीच्या उपयोगी कसा पडतो? ज्या मोबाईलवर संदेश आले, तो विकू नये, बदलू नये, त्यातील मजकूर पुसू नये. पडद्याची छायाचित्रे घ्यावीत, पण केवळ त्यांवर विसंबू नये. दिनांक, वेळ व क्रमांक यांची एका वहीत नोंद ठेवावी. खोटे खाते असल्यास त्याचा पत्ता टिपून ठेवावा आणि मगच ते बंद करण्याची तक्रार त्या माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करावी. असा अधिकारी नेमणे २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. शासनाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदविता येते.

आदेशाचा भंग झाल्यास

संरक्षण आदेशाचा भंग हा स्वतंत्र गुन्हा आहे. ३१ व्या कलमानुसार त्यास एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. विशेष म्हणजे पीडित स्त्रीच्या एकटीच्या साक्षीवरूनही गुन्हा घडल्याचा निष्कर्ष न्यायालय काढू शकते. 'संदेशच तर होता, हात कोठे लावला?' हा बचाव येथे टिकणारा नाही.

तथापि न्यायालयाचा शिक्का असलेला कागद कपाटात ठेवून संरक्षण मिळत नाही. पहिला भंग झाला की पहिल्याच वेळी तक्रार करावी. एकदा सोडून दिले की समोरच्याचे धैर्य वाढते. 'हा प्रकार आमच्या हद्दीतला नाही' हे कारणही आता चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी खबर नोंदवून घ्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही खबर देता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. नोंद करून न घेतल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी कळवावे, आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे.

ज्याच्याविरुद्ध आदेश झाला, त्यालाही बाजू मांडण्याचा पूर्ण हक्क आहे. आदेश चुकीचा वाटत असल्यास तीस दिवसांच्या आत सत्र न्यायालयात अपील करता येते. परिस्थिती बदलल्यास आदेशात फेरफारही मागता येतो. पण तोपर्यंत आदेश पाळलाच पाहिजे. खुद्द तिच्याकडूनच संदेश आला, तरी त्यास उत्तर न देता तो वकिलास दाखविणे हेच शहाणपणाचे. समेट व्हायचा असेल, तर तो न्यायालयाला कळवूनच व्हावा.

गावाची जबाबदारी

घाटावरील मेहकर, चिखली असो वा घाटाखालचे नांदुरा, मलकापूर असो, 'पोरीनेच मोबाईल वापरू नये' हा उपाय घरोघरी ऐकू येतो. परंतु आज शिक्षण, बँकेचे व्यवहार, शासकीय योजना, नोकरीचे अर्ज हे सारे त्याच यंत्रावर आले आहेत. ते हिरावून घेणे म्हणजे त्रास देणाऱ्याला मोकळे सोडून त्रास सोसणारीलाच शिक्षा देणे होय. गटावर येणारा बदनामीचा मजकूर पुढे न पाठविणे, गटप्रमुखाने तो तत्काळ हटविणे, आणि तक्रारीसाठी निघालेल्या मुलीसोबत वडिलांनी वा भावाने पोलीस ठाण्यापर्यंत जाणे, एवढे तरी प्रत्येक घराला करता येईल.

सिंदखेडराजा ही जिजाऊंची जन्मभूमी याच जिल्ह्यात आहे, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. रात्री मोबाईल वाजला म्हणून या जिल्ह्यातील कोणा लेकीच्या छातीत धस्स होऊ नये, एवढी काळजी घेतली तर त्या अभिमानाला अर्थ राहील. कायद्याने आपले काम केले आहे. त्या कायद्याची माहिती तिच्यापर्यंत पोहोचविणे आणि ती पाऊल उचलील तेव्हा तिच्या पाठीशी उभे राहणे, हे काम मात्र आपणा सर्वांचे आहे.