तेल बाळाला, तेवढंच आईलाही!

पुण्याच्या बुधवार पेठेत बाळाची खरेदी एका फेरीत उरकते. तुळशीबागेत झबली, टोपडी, दुपटी आणि खुळखुळा, सगळं मिळतं. त्या यादीत आईच्या तेलाची बाटलीही हवीच. का, ते वाचा!

सुश्रुताचं तेल
बाळंतिणीला बलातैलाने माखा, असं सुश्रुतसंहिता सांगते. बला म्हणजे आपल्याकडे माळावर, रस्त्याकडेला उगवणारा चिकणा.

पोट बांधा, चरकाने सांगितलंय
बाळंतपणानंतर तूप-तेल लावून मोठ्या वस्त्राने पोट गुंडाळावं, हे चरकसंहितेत आहे. मलेशियातही मालिश करून बाळंतिणीचं पोट लांब पट्टीने बांधतात. तिथे त्या पट्टीला बेंगकुंग म्हणतात.

सव्वा महिना का?
बाळंतिणीची विश्रांती घरात सव्वा महिना, आयुर्वेदात दीड महिना, डॉक्टरांच्या हिशेबात ६ आठवडे. एवढ्या काळात गर्भाशय सुमारे १ किलोवरून १०० ग्रॅमच्या आत येतं. हे काम शरीर स्वतः करतं आणि बाळाला पाजल्याने त्याला मदत होते. मालिशचं काम वेगळं: आखडलेली पाठ, पाजून अवघडलेले खांदे आणि जड पाय मोकळे करणं.

पोटुशीलाही चालतं
मायामी विद्यापीठात १९९२मध्ये टिफनी फील्ड यांनी खास स्पर्शाच्या अभ्यासासाठी संस्था काढली. गरोदर स्त्रियांना हलकी मालिश दिल्यावर पाठदुखी आणि चिंता कमी होते, झोप सुधारते, असं तिथल्या अभ्यासांत दिसलं. मात्र आधी डॉक्टरांना विचारा, कुशीवर झोपा आणि पोटावर जोर नको.

नववा महिना, जुना उपाय
नवव्या महिन्यात योनिमार्गात तेलाचा पिचू, म्हणजे बोळा, ठेवायला चरकाने सांगितलं. आजचं प्रसूतिशास्त्र साधारण ३५व्या आठवड्यापासून योनिमुखाजवळ हलकी मालिश सुचवतं. त्यामुळे पहिलटकरणीला टाके लागण्याची शक्यता कमी होते. दोन्ही गोष्टी वैद्य किंवा डॉक्टरांकडून समजून घेऊनच कराव्यात.

कळा सुरू? कंबर चोळा
सुरुवातीच्या कळांमध्ये कंबरेची मालिश वेदना सुसह्य करते. नवऱ्याच्या हातांना याहून मोलाचं काम नाही.

आनंदीबाईंचा प्रबंध
पुण्यात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. १८८६मध्ये त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. आपल्या बाळंतिणीचा अभ्यास एका मराठी बाईने तेव्हाच जगापुढे मांडला.

इथे हात आवरा
- एकच पोटरी सुजली, लाल झाली, दुखू लागली तर चोळू नका, तडक डॉक्टर गाठा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.
- सिझेरियन झालं असेल तर जखम भरेपर्यंत पोटाला हात नको. हातापायांची मालिश डॉक्टरांना विचारून करा.
- बाळाच्या नाका-कानात तेल घालू नका.
- ओवा-शेपांची धुरी बंद खोलीत नको. धूर बाळाला आणि आईला, दोघांनाही बाधतो.

माहेर नसलेल्या बाळंतिणी
त्याच बुधवार पेठेतल्या गल्ल्यांत देहविक्रयावर पोट असलेल्या स्त्रियाही आई होतात. त्यांतल्या कितीतरी जणी माहेराला पारख्या झालेल्या असतात. शहरात एकट्या संसार करणाऱ्या मुलींचीही तीच गत: तेल लावायला घरचं कुणी नसतं, आणि मालिशवाली मावशी प्रत्येकीला मिळत नाही आणि परवडतही नाही. पण वाटीभर कोमट तेल आणि अर्धा तास कुणालाही देता येतो: नवऱ्याला, जावेला, मैत्रिणीला, शेजारणीला. तुमच्या ओळखीत कुणी नुकतीच बाळंत झाली असेल, तर बाळाला बघायला जाताना तिच्या पाठीला तेल लावायची तयारी ठेवूनच जा.