झाडावरचें घर आणि विजेची तार

झाडावर घर करून राहण्याची हौस मनुष्यास फार जुनी आहे. आपल्या शेतकऱ्यांनीं पिकाच्या राखणीकरितां माळे बांधिले, शिकाऱ्यांनीं रानांत मचाणें बांधिलीं. आतां त्याच मचाणाला छप्पर, खिडक्या व सज्जा लाभले असून, केरळांतील वायनाडसारख्या डोंगराळ प्रदेशांत प्रवाशांसाठीं अशीं वृक्षगृहें उभीं आहेत. कांहीं सधन कुटुंबें मुलांच्या खेळासाठीं परसांतल्या झाडावरहि असें घर बांधूं लागलीं आहेत. ह्या हौसेस आमचा विरोध नाहीं. परंतु लांकूड कोणतें घ्यावें ह्याचा जितका विचार होतो, तितका झाडाजवळून विजेची तार जाते कीं काय ह्याचा होत नाहीं. म्हणून हे चार शब्द.

विद्यार्थी आम्हांस पुष्कळदां विचारतात, “तारेवर कावळा खुशाल बसतो, मग माणसालाच भय कां?” कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. दोहोंकडे विजेचा दाब सारखाच असल्यामुळें तिला त्याच्या शरीरांतून वाहण्यास कारण उरत नाहीं. वीज वाहते ती दाबांतील फरकामुळें, आणि जमिनीशीं संबंध जडला कीं तो फरक उत्पन्न होतो. झाड तर जमिनींत मुळें रोवूनच उभें असतें. सुकें लांकूड वीज सहसा वाहूं देत नाहीं हें खरें. पण जिवंत झाडांत पाणी व त्यांत विरघळलेले क्षार खेळत असतात, आणि पावसांत साल भिजते. अशा झाडाची फांदी तारेस टेकली म्हणजे विजेला जमिनीकडे जाण्यास वाट मिळते. ह्या वाटेनें जाणारा प्रवाह कधीं कधीं इतका थोडा असतो कीं, वीज आपोआप तोडणाऱ्या यंत्रास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. मनुष्याच्या छातींतून मात्र एका अँपियरचा दहावा भाग गेला तरी हृदय बंद पडूं शकतें.

आपल्या घरांत विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. रस्त्याकडेच्या खांबांवरून जाणाऱ्या कित्येक तारांत तो ११,००० व्होल्ट असतो. ह्या तारा बहुधा उघड्या असतात. घरांतील तारेप्रमाणें त्यांवर प्लास्टिकचें आवरण नसतें. दोन खांबांच्या मधल्या पल्ल्यांत त्यांचें संरक्षण करणारी केवळ हवाच. म्हणून अंतर हेंच येथें आवरण होय. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणें अशी तार इमारतीच्या बाजूनें जात असल्यास आडवें अंतर निदान १.२ मीटर, आणि वरून जात असल्यास उभें अंतर निदान ३.७ मीटर असावें लागतें.

पण हीं मापें एका जागीं स्थिर राहणाऱ्या इमारतीचीं आहेत. झाड वाऱ्यानें डोलतें व वर्षानुवर्षें वाढतें. तारहि स्थिर नसते. उन्हानें आणि विजेच्या भारानें तापून ती लांबते व खालीं झुकते. १४ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिकेंतील ओहायो राज्यांत ३,४५,००० व्होल्टच्या तारा अशाच झुकून खालच्या वाढलेल्या झाडांस लागल्या. तो बिघाड पसरत जाऊन अमेरिका व कॅनडा ह्या देशांतील सुमारें ५ कोटी लोकांची वीज गेली. तेव्हां बांधकामाच्या दिवशीं फीत लावून मोजलेलें अंतर वादळाच्या दिवशीं, किंवा पांच वर्षांनंतर, तितकेंच राहील असें समजूं नये.

येथें पैशाचीहि एक गोष्ट आहे. चार बांबूंचें मचाण भलत्या जागीं बांधलें गेलें, तर मनुष्य तें संध्याकाळपर्यंत सोडून टाकतो. लाखों रुपये ओतलेलें घर मात्र मोडवत नाहीं. मग “इतके दिवस कांहीं झालें नाहीं” अशी मनाची समजूत घालून मुलांना वर चढूं दिलें जातें. सागवानी फळ्या आणि पितळी कड्या पाहून वीज कांहीं वाट बदलीत नाहीं. म्हणून खर्चाचा अंदाज काढण्यापूर्वींच झाडाची निवड व्हावी.

आमच्या मतें पालकांनीं एकच कसोटी लावावी: हें झाड उद्यां समूळ उन्मळून पडलें, तर तारेला लागेल काय? लागणार असेल तर दुसरें झाड पाहावें. तें नसेल तर घर जमिनीवरच बांधावें. तारेजवळील फांद्या स्वतः तोडूं नयेत. वीज कंपनीस १९१२ ह्या क्रमांकावर कळवावें. मुलांनीं झाडावर लोखंडी शिडी किंवा लांब काठी नेऊं नये, आणि तारेंत अडकलेल्या पतंगाचा नाद सोडून द्यावा.

इतकें करूनहि कोणी विजेस चिकटलेला आढळल्यास त्यास हात लावूं नये, त्या झाडासहि शिवूं नये. दूर उभें राहून वडील माणसांस हांक मारावी, वीज बंद करवावी व ११२ क्रमांकावर मदत मागावी. सोबत्यास सोडविण्यासाठीं धांवत जाणें ही मुलांची स्वाभाविक वृत्ति आहे. परंतु अशा वेळीं दूर थांबून मदत बोलावणें हेंच त्याला वांचविणें होय, हें घरोघरीं मुलांस आधींच समजावून सांगितलेलें असावें.