बायपास शस्त्रक्रियेची नोंद व तिचे संकेतांकन

या अहवालातील शस्त्रक्रियांचा तक्ता आपण दरवर्षी नजरेखालून घालता. हृदयशल्य विभागासमोर एक आकडा असतो आणि तो गतवर्षीपेक्षा वाढलेला दिसला की देणगीदारांना व आम्हांलाही समाधान वाटते. तो आकडा तयार कसा होतो, हे मात्र सहसा कुणी विचारीत नाही. घरी गेलेल्या प्रत्येक रुग्णाचा केसपेपर वैद्यकीय अभिलेख विभागात येतो. तेथील कर्मचारी तो पानापानाने वाचतात आणि त्यातील मजकुराला ठरावीक संकेतांक देतात. या कामाचा अल्प परिचय करून देण्याचा येथे प्रयत्न आहे.

रोगांना क्रमांक देण्याची पद्धत जुनी आहे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांची एक आंतरराष्ट्रीय यादी मांडली. तिचीच वाढत गेलेली दहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने १९९० साली स्वीकारली; ती 'आयसीडी-१०' या नावाने ओळखली जाते. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली असली, तरी आपल्याकडील बराचसा व्यवहार दहावीवरच चालतो. तिच्यात हृदयाच्या रोहिण्या दीर्घकाळ काठिण्याने अरुंद होत जाण्याच्या विकाराला 'आय २५.१' आणि नुकत्याच आलेल्या तीव्र झटक्याला 'आय २१' हा संकेतांक आहे. दोन्ही रुग्णांची बायपासच होते, पण त्यांतील जोखीम सारखी नसते. डॉक्टरांनी केवळ 'हृदयविकार' असे लिहून ठेवले, तर संकेतांक देणाऱ्याने काय करावे?

शस्त्रक्रियेच्या बाबतीत अडचण आणखी वाढते, कारण 'आयसीडी-१०' ही रोगांची यादी आहे, शस्त्रक्रियांची नव्हे. त्यासाठी निरनिराळ्या देशांच्या व योजनांच्या निरनिराळ्या याद्या आहेत. नवीन कर्मचाऱ्यांना समजावताना अमेरिकेची जुनी यादी सोयीची पडते. ती तेथे १ ऑक्टोबर २०१५ रोजी रुग्णालयांतून मागे पडली व तिच्या जागी सात अक्षरांचे संकेतांक आले. परंतु मुद्दा तिच्यात स्वच्छ दिसतो. समजा, एका रुग्णाची 'ट्रिपल बायपास' झाली. छातीच्या हाडामागून जाणारी डावी रोहिणी, जिला डॉक्टर 'लिमा' म्हणतात, ती हृदयाच्या पुढील बाजूच्या मुख्य रोहिणीला जोडली. पायातून काढलेल्या नीलेचे दोन तुकडे महारोहिणीपासून अन्य दोन रोहिण्यांना जोडले. याचे अचूक संकेतांकन दोन क्रमांकांत होते : 'लिमा'साठी ३६.१५ आणि महारोहिणीपासून दोन रोहिण्यांसाठी ३६.१२. केसपेपरवर नुसते 'ट्रिपल बायपास' असेल, तर कर्मचारी सरळ ३६.१३ लिहून मोकळा होतो. याचा अर्थ तिन्ही जोडण्या महारोहिणीपासून केल्या असा होतो. 'लिमा' कागदावरून नाहीशी झालेली असते. हृदय-फुप्फुस यंत्र वापरल्यास ३९.६१ हा क्रमांक जोडावयाचा असतो. धडधडत्या हृदयावर शस्त्रक्रिया केल्यास तो लागत नाही. हेही शल्यविशारदाने लिहिले तरच कळते.

चार-पाच तास उभे राहून बाहेर आलेल्या शल्यविशारदाला लिहिण्याचा कंटाळा यावा, यात नवल नाही. पुष्कळांना ते कारकुनी काम वाटते. तथापि मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, हृदयाची घटलेली आकुंचनक्षमता यांची नोंद राहिली, तर अतिजोखमीचे रुग्ण स्वीकारणारे रुग्णालय मृत्युदराच्या तुलनेत विनाकारण वाईट ठरते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांत तर पूर्वपरवानगीपासूनच कागद तपासले जातात. अँजिओग्राफीत तीन रोहिण्यांत अडथळे आणि शस्त्रक्रियेच्या टिप्पणीत दोनच जोडण्या दिसल्या, तर तपासनीस विचारणारच. तिसरी रोहिणी फार बारीक असल्याने सोडून दिली, हे एक वाक्य लिहिले असते तर दावा अडकला नसता. अडकलेल्या दाव्याचा भार शेवटी विश्वस्त निधीवर पडतो आणि पुढच्या गरजू रुग्णासाठी तेवढे पैसे कमी उरतात.

मात्र आमच्या मते याहून मोठा प्रश्न दहा वर्षांनंतरचा आहे. पायाच्या नीलेच्या जोडण्यांपैकी सुमारे निम्म्या दहा वर्षांत बंद तरी पडतात किंवा अरुंद तरी होतात. 'लिमा' मात्र बहुधा वाहती राहते. म्हणजे रुग्ण पुन्हा येणार, हे गृहीत धरावे. २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या विनियमांनुसार आंतररुग्णाचे कागद तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. जोडणीचे आयुष्य आणि कागदाचे आयुष्य यांचा मेळ येथे बसत नाही.

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ छातीतील वेदनांसाठी दाखल झाले. बारा वर्षांपूर्वी अन्य शहरात त्यांची बायपास झाली होती. जवळच्या प्लास्टिकच्या पिशवीत बिल जपून ठेवलेले होते. डिस्चार्ज कार्डावर मात्र 'बायपास, तीन ग्राफ्ट' एवढेच. त्या रुग्णालयात चौकशी केली असता कागद नियमानुसार नष्ट केल्याचे समजले. अँजिओग्राफीच्या वेळी महारोहिणीवर जोडण्यांची तोंडे शोधावी लागली. त्यासाठी रंगद्रव्य अधिक लागते आणि त्यांचे मूत्रपिंड आधीच दुर्बळ होते. डॉक्टरांना तपासणी मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी पूर्ण करावी लागली. पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली असती, तर छातीचे हाड उघडताना त्यामागे चिकटलेली 'लिमा' आहे की नाही, हे ठाऊक असणे प्राणांच्या मोलाचे होते.

म्हणून बायपासच्या टिप्पणीची प्रत कायमस्वरूपी जपावी आणि तिचा सारांश डिस्चार्ज कार्डावर यावा, असा आमच्या विभागाचा आग्रह आहे. कोणती जोडणी कोठून कोठे, नीला कोणत्या पायाची, मनगटाची रोहिणी काढली असल्यास कोणत्या हाताची, यंत्र वापरले की नाही, एवढे त्यात असावे. आपली किंवा आप्तांची बायपास अन्यत्र झाली असल्यास तेथून शस्त्रक्रियेच्या टिप्पणीची प्रत मागून घ्यावी. उपरोक्त विनियमांनुसार रुग्णाने अथवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावी लागतात. अर्ज लेखी करावा, त्याची पोच घ्यावी, आणि मिळालेली प्रत बिलाच्याच पिशवीत ठेवावी.